कोरड्या पायांचा माणूस

माझ्या नोकरीचं नाव जिल्ह्यात कुणाला धड उच्चारता आलं नाही. सरकारी कागदावर ते एक लांबलचक इंग्रजी प्रकरण होतं. त्यातला 'डेप्युटी' तेवढा उचलून लोक 'दिपोटी' म्हणत. मी दिपोटींचा मदतनीस, म्हणून 'बारका दिपोटी'. काम एकच, गावोगावच्या मराठी शाळा तपासायच्या. पावसाळ्यात समुद्र आणि नद्या वाट देत नसत, तेव्हा रत्नागिरीच्या कचेरीत बसून कागद रंगवायचे. दिवाळी झाली की बिछाना बांधून निघायचं. कधी मचव्यातून, कधी बैलगाडीतून, आणि उरलेलं पायी. कोकणात हे 'उरलेलं'च जास्त असतं.

माझ्या वडिलांनी माडाखेरीज दुसरी उंची पाहिली नाही. माडावर चढून माडी काढणं हा आमचा घरचा धंदा. आमच्या घरात माझ्याआधी कुणी इंग्रजी पहिलीचा उंबरा ओलांडला नव्हता. मी बी. ए. झालो. हे मी मुद्दाम लिहितो, कारण अजूनही काही मंडळींना ते आठवण करून द्यावं लागतं.

लहानपणी आमच्या घरात पुस्तक नव्हतं, पण चित्रं होती. वडिलांबरोबर मी राजापूरच्या बाजारात जाई. तिथे कापडाच्या दुकानात ठाणांवर रंगीत तिकिटं चिकटवलेली असत. त्यावर वाघ, आगबोटी, कमळात उभ्या देवी. ठाण संपत आलं की दुकानदार ते तिकीट नखाने सोडवून मला देई. घरी आल्यावर आम्ही भावंडं पालथं पडून एकेका तिकिटावर तासन्‌तास बोलत असू. वाघ कुठे चालला, बोटीत कोण बसलंय, देवीला कमळावर घसरायला होत नाही का. पुढे कॉलेजात मी पुष्कळ जाड पुस्तकं वाचली, पण पुस्तक म्हणजे काय ते मी त्या तिकिटांवर शिकलो.

आता शाळा तपासणं म्हणजे काय ते सांगतो. आमची वर्दी आली की मास्तर शाळा सारवून घेत, दाराला आंब्याचे टहाळे बांधत, पोरांना धुतलेल्या टोप्या घालून ओळीत बसवत. मग आम्ही खुर्चीवर बसून प्रश्न विचारायचे आणि पोरांनी मुकं व्हायचं. पहिल्या वर्षी एका चौथीतल्या पोराला मी नाव विचारलं, तर घाबरून त्याने मास्तरांचं नाव सांगितलं. मास्तर म्हणाले, पोरगा हुशार आहे साहेब, पण दिपोटी दिसला की त्याची जीभ टाळ्याला चिकटते. मी म्हटलं, दोष पोराचा नाही, दिपोटीचा आहे.

मग मी ट्रंक घेतली आणि तीत चित्रांची पुस्तकं भरायला लागलो. खुर्ची बाजूला सारायची, जमिनीवर बसायचं, पुस्तक उघडून पोरांपुढे ठेवायचं आणि गप्प राहायचं. प्रश्न विचारायचा नाही, हीच सगळ्यात अवघड गोष्ट. थोड्या वेळाने एखादं पोर बोटाने काहीतरी दाखवतं, दुसरं त्याला खोडून काढतं, आणि मग वर्गात कोण किती पाण्यात आहे ते आपोआप कळतं. असं मी वीसेक वर्षं केलं आणि ते बरोबर होतं.

पुस्तकं तीन वाटांनी यायची. मुंबईला गेलो की जुन्या पुस्तकांच्या फुटपाथवरून. बदली होऊन विलायतेला परतणाऱ्या गोऱ्या साहेबांच्या घरातल्या लिलावातून. तिथे लोक टेबलं नि आरसे घेत, मी मुलांच्या खोलीतला ढीग घेई. आणि तिसरी वाट म्हणजे दाऊदभाई. हा खाडीपलीकडच्या गावातला, परदेशी जाणाऱ्या आगबोटीवर सारंग, म्हणजे खलाशांचा मुकादम. सफर संपवून घरी आला की बगलेत एखादं पुस्तक असायचंच. चिनी, जपानी, कुठलंही. म्हणायचा, “मास्तर, आत काय लिवलंय ते मला विचारू नका. दुकानवाली चित्रं दाखवताना स्वतःच हसली, म्हणून घेतलं.” मी मास्तर नाही हे त्याला शेवटपर्यंत पटलं नाही. पैसे घेत नसे. अट एकच, पुस्तक आधी त्याच्या घरची पोरं बघणार. घर आधी, सरकार मागाहून.

भाषा येत नाही हा केवढा फायदा असतो! सुरुवातीला मी शहाणपणा करून इंग्रजी मजकुरावर मराठी चिठ्ठ्या चिकटवल्या. पोरं चिठ्ठी वाचून पुस्तक मिटू लागली. चित्राकडे कुणी बघेना. ओल्या फडक्याने सगळ्या चिठ्ठ्या सोडवल्या आणि पुन्हा तो उद्योग केला नाही.

ही पुस्तकं टिकवणं म्हणजे दुसरी नोकरी. साध्या खळीने पान चिकटवलं तर कसर ती खळ खायला येते आणि जाताना पानही खाते. म्हणून खळीत चिमूटभर मोरचूद. पावसाळ्यात सगळी पुस्तकं चुलीवरच्या फळीवर. आमची मंडळी म्हणायची, लोकांच्या घरी चुलीवर सुके बोंबील टांगलेले असतात, आमच्याकडे साहेबाच्या पुस्तकांतली मांजरं. पण एखाद्या पुस्तकाची शिवण उसवली तर सुई-दोरा घेऊन तीच बसायची.

प्रत्येक शाळेत एक पुस्तक ठेवायचं आणि पुढच्या फेरीला बदलायचं, असा माझा रिवाज. परत आलेलं पुस्तक मी आधी उजेडात धरून बघे. काजूच्या बोंडाचा डाग पडला असेल, कोपरे दुमडले असतील, हत्तीच्या सोंडेवर बोटांचा मळ असेल, तर ती शाळा पास. काजूचा डाग कशानेही जात नाही, हे सगळ्या आयांना माहीत असतं. मला तो फार आवडायचा.

आणि म्हणूनच आंबेखोलची शाळा माझ्या डोक्यात बसली. हेदवीच्या वरच्या अंगाला, कातळाचा उंच सडा चढून गेलं की ही कुणब्यांची वस्ती. निम्मे पुरुष मुंबईला गिरणीत. एका मास्तरांची शाळा, तीही गावच्या खोतांच्या मांगरात, म्हणजे गुरं नि पेंढा ठेवायच्या खोपटात. जागेचं भाडं नव्हतं. खोतांची मर्जी हेच भाडं. मास्तर तात्या गुरुजी, माझ्याहून वयाने वडील, शांत, काटक माणूस. मी त्यांच्याकडे प्राण्यांचं आणि गाड्यांचं एक छान विलायती पुस्तक ठेवून आलो होतो. पुढच्या वर्षी गेलो तर त्यांनी ते तांबड्या खारव्याच्या फडक्यातून काढून अदबीने माझ्या हातात दिलं. वर हळदकुंकू. एक डाग नाही.

“दसऱ्याला सरस्वतीपुढे मांडलं होतं साहेब. नंतर कुणाला हात लावू दिला नाही.”

मला राग आला. मी म्हटलं, “गुरुजी, हे देव नव्हे. पुढच्या खेपेस हे पुस्तक पोरांच्या तोंडी असलं पाहिजे. फाटलं तरी चालेल.”

“होय साहेब,” गुरुजी म्हणाले आणि मी परत दिलेलं पुस्तक त्यांनी ठेवून घेतलं.

ती पुढची खेप आली ती वाईट वर्षात. जगभर मंदी होती, आमच्याकडे काटकसर म्हणून एकेका मास्तरांच्या शाळा बंद करायचं चाललं होतं. ज्या शाळेचा निकाल खराब तिच्यावर पहिली फुली. आंबेखोलला खुद्द दिपोटी साहेब येणार असं ठरलं. साहेब घाटावरचे, कडक, पण कुणावर अन्याय न करणारे. मी त्यांच्याबरोबर ट्रंक घेऊन निघालो.

सडा चढताना मला धाकधूक होती. पुढची शाळा पऱ्या, म्हणजे पावसाळी ओढा, ओलांडून दीड कोसावर. पावसात पऱ्याला पाणी आलं की मोठी माणसंही थांबतात. पोरं जाणार नव्हती, पोरी तर नाहीच. वस्तीवरल्या बायका शाळेबाहेर जमल्या होत्या. एक म्हातारी मला बाजूला घेऊन म्हणाली, “बाबा, शाळा ग्येली तर मुंबैवरनं आलेला ल्येकाचा कागद कोन वाचील? आता नात वाचते. नायतर परत दुसऱ्याच्या दारात उभं ऱ्हावं लागल, आनी घरातलं सगळं त्याला कळल.”

आत साहेबांसाठी एक खुर्ची होती आणि दुसऱ्या खुर्चीवर जागेचे मालक म्हणून आबा खोत बसले होते. साठीचे, उंच, पांढरं उपरणं. पोरं त्यांच्याकडे पाठ होणार नाही अशी वाकडी बसली होती.

गुरुजींनी पुस्तक साहेबांच्या हातात दिलं. साहेबांनी पहिलं पान उघडून पोरांकडे धरलं आणि सगळा वर्ग एका सुरात म्हणाला, “हा हत्ती आहे. हत्ती सोंडेने पाणी पितो. झाडावर दोन पोपट आहेत.” दुसरं पान. “हा उंट आहे. उंट वाळवंटात राहतो.” साहेबांनी माझ्याकडे मान हलवली. मी मात्र पोरांकडे बघत होतो, आणि एकाही पोराची नजर चित्राकडे नव्हती. तात्या गुरुजींनी माझा हुकूम पाळला होता. पुस्तक पोरांच्या तोंडी होतं. चित्रंसुद्धा पाढ्यासारखी घोकून घेतलेली.

तेवढ्याने निभलं असतं. पण आदल्या वर्षीच्या हळदकुंकवाने आतली दोन पानं दमट होऊन एकमेकांना चिकटली होती. साहेबांनी पान उलटलं ते दोन्ही एकदम गेली. समोर आलं आगगाडीचं इंजिन, आणि त्या धूर सोडणाऱ्या इंजिनाकडे तोंड करून सगळी शाळा म्हणाली, “हा सिंह आहे. सिंह वनाचा राजा आहे. त्याची आयाळ पहा.”

साहेबांनी पुस्तक मिटलं. ते ओरडले नाहीत. म्हणाले, “गुरुजी, मुलं आंधळी नाहीत ना?” आणि खिशातून पेन काढलं.

मी त्यांना म्हटलं, मला अर्धा तास द्या. ते म्हणाले, कशासाठी? मी म्हटलं, ही शाळा मी बिघडवली आहे असं समजा, आणि मला ती एकदा तपासू द्या. त्यांनी पेन मिटलं नाही, पण थांबले. मी गुरुजींना बाहेर पाठवलं. ट्रंक उघडली.

दाऊदभाईने आणलेलं एक जपानी पुस्तक त्यात होतं. माझ्या सगळ्या संग्रहात मला तेच जास्त प्रिय. त्यात भातकापणीचं दोन पानं भरून एक चित्र होतं. चिखलात उभी माणसं, बायका, पोरं. कापलेल्या भाताचे भारे बांबूच्या आडव्या दांड्यांवर लोंबत ठेवलेले. आणि कडेला बांधावर एक टोपीवाला माणूस उभा. मी ते जमिनीवर पसरलं आणि मांडी घालून गप्प बसलो.

साहेबांच्या खुर्चीची करकर ऐकू येत होती. मग एक पोरगा पुढे सरकला. म्हणाला, “भात हाय.”

दुसरा म्हणाला, भात नाही, भात असं कुणी ठेवतं का? भारे रचलेली उडवी कुठे आहे? तिसऱ्याने सांगितलं, वलणीवर टाकलान, धोतरं टाकतात तसं. यावर जुंपली. एकाचं म्हणणं, असं टांगलं तर सगळं पाखरं खातील. दुसऱ्याचं, नाही, असं टांगलं तर अवकाळी पाऊस झाला तरी खालून वारा लागेल, कुजणार नाही, आपणच वेडे. खिडकीशी उभ्या बायकांना राहवेना. एकीने बाहेरूनच सांगितलं, दांडी मोडेल रे भाराने. साहेब खुर्चीतून पुढे वाकले होते. मी मनात म्हटलं, शाळा वाचली.

तेवढ्यात दुसरीतली एक मुलगी, तिचं नाव सुंदरा, बोट ठेवून म्हणाली, “ह्यो खोत.”

वाद बंद पडला. खिडकीतल्या बायका मागे सरल्या.

आमच्याकडचं ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. जमीन खोताची, कसणारे कुणबी. पीक तयार झालं की खोत किंवा त्याचा माणूस शेतावर येऊन आपला वाटा ठरवणार. त्या काळी या प्रकरणावरून जिल्हा धुमसत होता. आंबेखोलात कुणी मोठं माणूसही आबांपुढे तो शब्द तशा सुरात उच्चारत नसे.

आबा उठले. पोरांनी वाट दिली. ते चित्राशी येऊन उभे राहिले. “कशावरून गो?”

सुंदराला आपण काय केलं ते कळलं असावं, कारण तिचा आवाज बारीक झाला. पण तिने बोट काढलं नाही. म्हणाली, “सगळ्यांचं पाय बगा. चिखलात हायत. ह्याचंच कोरडं.”

आबांनी चष्मा लावला आणि खाली वाकून पाहिलं. मीही पाहिलं. वर्षभर ते पुस्तक माझ्याकडे होतं, आणि त्या टोपीवाल्याच्या खडावा इतक्या स्वच्छ रंगवल्या आहेत हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं.

आबा माझ्याकडे वळले. “दिपोटी, मांगर माझा आहे. शाळा राहायची तर राहू दे, माझी ना नाही. पण हे पान काढून टाका. आत्ता, माझ्यासमोर.”

साहेब माझ्याकडे बघत राहिले. जागा नसेल तर निकाल कसाही लागो, शाळा नाही, हे आम्हा दोघांना कळत होतं. दारात तात्या गुरुजी उभे होते. त्यांचा चेहरा पाहिला आणि मला उमगलं की त्या माणसाने घोकून का घेतलं होतं. नंतर ते मला तसं म्हणालेही: “साहेब, पोरं बोलायला लागली की खरं बोलतात. मांगरात बसून ते परवडत नाही.”

मी उभा राहिलो. म्हटलं, “आबा, मी पुस्तकाचं पान आजवर फाडलं नाही, आणि फाडणार नाही. तुम्हाला ते पोरांच्या हातात नको असेल तर अख्खं पुस्तक तुम्हीच ठेवा. तुमच्या ओटीवर. पण पुस्तक शाळेचं आहे. पोरं बघायला मागतील तेव्हा त्यांना दाखवायचं.”

“माझ्या ओटीवर येऊन?”

“मग ते पान बघून कोण काय म्हणतं ते तुम्हाला समोरच ऐकू येईल. तुमच्या माघारी काय बोलतात याची तुम्हाला काळजी नको.”

हे मी धाडसाने बोललो असं नाही. माडकऱ्याचा मुलगा आहे. वर चढल्यावर खाली बघायचं नसतं एवढं घरी शिकवलं होतं. आबांनी पुस्तक उचललं, उलटंसुलटं करून पाहिलं. त्यांच्या ओटीवर तोवर कुणब्याचं पोर चढलं नव्हतं, सगळं काम अंगणातून. पण साहेबांदेखत नाही म्हणणं म्हणजे चित्राला भ्यालो असं झालं असतं. म्हणाले, “येऊ देत. बघतो कोण येतं ते.”

साहेबांनी पेन कागदाला टेकवलं. परतीच्या वाटेवर ते मला म्हणाले, “अहो, तुमच्या या पद्धतीला गुण कुठल्या रकान्यात द्यायचे?” मी म्हटलं, रकाना नाही. ते म्हणाले, म्हणून मी शेऱ्यात लिहिलं की शाळा चालू ठेवावी. कारण दिलेलं नाही.

शाळा राहिली. तात्या गुरुजी तिथेच निवृत्त झाले. ते जपानी पुस्तक मात्र मला पुन्हा मिळालं नाही. दाऊदभाईने दोन-तीन सफरींत दुसरी प्रत शोधली. ती हसणारी दुकानवाली त्याला दिसली नाही म्हणे. संग्रहातली बाकीची पुस्तकंही आता थोडी उरली आहेत. काही पोरांनी खाल्ली, काही कसरीने. पोरांनी खाल्लेल्यांचं दुःख नाही. पण त्या जपानी चित्राची एखादी नक्कल करून ठेवायला हवी होती, असं अजून वाटतं.

पुढच्या दिवाळीनंतर मी आंबेखोलला गेलो तेव्हा माझी बढती झाली होती. मीच आता मोठा दिपोटी. बढतीबरोबर प्रवासाचा भत्ता आला होता, आणि इतकी वर्षं सगळ्या वाटा पायी तुडवलेला हा बी. ए. त्या दिवशी पहिल्यांदाच चार भोयांच्या डोलीतून सडा चढून आला. खोटं कशाला सांगू, बरं वाटत होतं.

डोली आबांच्या अंगणाशी थांबली. ओटीवर पोरांचा घोळका होता. मधोमध चष्मा लावून आबा, मांडीवर पुस्तक. त्याची पाठ उसवली होती, कडेला काजूचा भलामोठा डाग. आबा एका पोराला विचारत होते, “मग हा कोरड्या पायांचा कोण?” पोरगं सुंदराकडे बघू लागलं. आबाच म्हणाले, “खोत नव्हे रे. खोत झाला तरी बांधावरून घसरतो, कधीतरी त्याचा पाय भरतो. हा दिपोटी. माणसं राबतायत, आणि हा तपासायला आलाय.”

पोरं हसली. सुंदरा पुस्तकाला नाक लावून बसली होती. तिने मान वर केली आणि अंगणात मला पाहिलं. मी डोलीतून नुकताच पाय खाली टेकला होता. तिने माझे जोडे पाहिले, मग चित्र पाहिलं, मग आबांच्या उपरण्याला हळूच ओढ दिली.

“आबा, ह्यो बगा. आला.”